जंप रेसचं कार्ड वाचताना: आधी जमीन, मग घोडा

महालक्ष्मी किंवा पुण्याच्या रेसकोर्सवर ज्यांची नजर तयार झाली आहे, ते इंग्लंड-आयर्लंडच्या जंप रेसिंगचं, म्हणजे अडथळ्यांवरून उड्या मारत पळायच्या शर्यतींचं, कार्ड (घोड्यांची यादी) पहिल्यांदा उघडतात तेव्हा सवयीने ड्रॉ (सुरुवातीच्या जागेचा क्रमांक) शोधतात. तो तिथे नसतोच. जंप रेसला स्टार्टिंग गेट नाही. घोडे ताणलेल्या पट्टीसमोर चालत येतात, पट्टी सुटली की निघतात. पल्लाही वेगळा. साधारण दोन मैल म्हणजे तिथली छोटी शर्यत, आणि ग्रँड नॅशनल ही गाजलेली शर्यत सव्वाचार मैलांच्या पुढे जाते. वजनांची तर गोष्टच नको. नॅशनलमध्ये सगळ्यात वरच्या घोड्यावर ११ स्टोन १२ पौंड, म्हणजे सुमारे ७५ किलो. आपल्याकडच्या सपाट शर्यतीत एवढं वजन कोणी ऐकलेलंही नसतं.

म्हणून ‘यातला सगळ्यात वेगवान कोण’ हा प्रश्न इथे फारसा कामाचा नाही. आजच्या जमिनीवर, या ट्रॅकवर, एवढे अडथळे ओलांडून शेवटच्या चढाला कोणाच्या पायात जीव उरेल, हे शोधायचं असतं, आणि ते नावं वाचून कळत नाही. आधी परिस्थिती लिहून काढायची: जमीन, ट्रॅक, पल्ला, किती घोडे, पुढे कोण पळणार. मग तिच्यात न बसणाऱ्यांवर फुली मारत जायचं. चौदा घोड्यांच्या हँडिकॅप चेसमध्ये (चांगल्या घोड्याला जास्त वजन देऊन बरोबरी साधलेली, उंच फेन्सवरची शर्यत) नऊ फुल्या नीट पडल्या की उरलेल्या पाचांत वाद फक्त भावाचा, म्हणजे बुकी किती देतो याचा, राहतो. बहुतेक छापील प्रीव्ह्यू उलट्या क्रमाने लिहिलेले असतात, नाव आधी आणि कारणं नंतर. त्यामुळेच ते वाचायला छान वाटतात आणि पैसे घालवतात.

जमीन

ब्रिटनमध्ये जमिनीची अधिकृत वर्णनं कडक ते चिखल अशी चढत जातात: फर्म, गुड टू फर्म, गुड, गुड टू सॉफ्ट, सॉफ्ट, हेवी. आयर्लंडमध्ये गुड आणि सॉफ्टच्या मधे ‘यील्डिंग’ येतं. क्लर्क ऑफ द कोर्स (ट्रॅकचा अधिकारी) सकाळी ट्रॅकवर फिरून, गोइंगस्टिक (जमीन मोजायची काठी) खुपसून वर्णन जाहीर करतो. ते वर्णन हा अंदाज आहे. खरी जमीन पहिल्या दोन शर्यतींच्या वेळेतून कळते. त्या पल्ल्याची स्टँडर्ड वेळ घ्या, प्रत्यक्ष वेळेतून वजा करा, उरलेले सेकंद मैलांनी भागा. समजा दोन मैलांच्या हर्डलची (ठेंगण्या, हलक्या अडथळ्यांवरची शर्यत) स्टँडर्ड वेळ ३ मिनिटं ५० सेकंद आहे आणि घोडे ४ मिनिटं १० सेकंदांत आले. वीस सेकंद जास्त, म्हणजे मैलामागे दहा. जमीन बरीच ओली आहे; जाहीर वर्णन ‘गुड टू सॉफ्ट’ असेल तर त्यावर विश्वास ठेवायचं कारण उरत नाही. एक सावधगिरी मात्र हवी: पहिल्या शर्यतीत सहाच घोडे होते आणि सगळे रमतगमत निघाले, तर वेळ जमिनीमुळे नव्हे, चालीमुळे वाढलेली असते. म्हणून एक हर्डल आणि एक चेस, दोन्हींच्या वेळा बघून मगच मत बनवा.

‘सॉफ्ट’ या एका शब्दात दोन वेगळ्या जमिनी लपलेल्या असतात. नुकताच पाऊस पडून पाणी साचलेली सॉफ्ट जमीन घोड्याला त्यातल्या त्यात सोपी जाते. पाय आत जातो आणि सुटून बाहेर येतो, चिखल उडतो, पण घोडा पळतो. दोन दिवस वारा लागून ओलावा अर्धवट सुकला की तीच जमीन चिकट होते, खूर धरून ठेवते. या चिकट जमिनीवर तीन मैल म्हणजे साडेतीन मैलांइतका दम लागतो. अशा दिवशी दोन-अडीच मैलांवरून पहिल्यांदाच तीन मैलांवर येणाऱ्या घोड्यावर मी डोळे मिटून फुली मारतो, त्याचा मागचा विजय कितीही देखणा असो. उलट साडेतीन मैलांवर तिसरा-चौथा येणारा, संथ पण न थकणारा घोडा या जमिनीवर अचानक फेवरिटच्या (सगळ्यात कमी भावाच्या घोड्याच्या) बरोबरीला येतो. २७ डिसेंबरला चेपस्टोला होणारं वेल्श ग्रँड नॅशनल बहुधा अशाच जमिनीवर होतं. तिथे वेगवान घोड्याच्या मागे लागणं म्हणजे पैसे चिखलात टाकणं.

घोड्याला कोणती जमीन मानवते हे बघताना फक्त ‘सॉफ्टवर ० विजय’ असा आकडा उचलू नका. दोनदा सॉफ्टवर पळाला आणि दोन्ही वेळा आपल्याहून वरच्या दर्जाच्या घोड्यांसमोर हरला, तर त्यातून जमिनीबद्दल काहीच सिद्ध होत नाही. रीप्ले बघा. पुढचे गुडघे उंच उचलून आपटत पळणारा घोडा ओल्या जमिनीत सहसा चालतो. जमिनीलगत, लांब, सपाट ढांग टाकणारा घोडा तिथे अडखळतो. नियम पोलादी नाही, पण आकड्यांपेक्षा भरवशाचा आहे.

ट्रॅक

हेडॉकच्या बेटफेअर चेसमध्ये ब्रिस्टॉल दे माई २०१७, २०१८ आणि २०२० असा तीनदा जिंकला. २०१७ ला हेवी जमिनीवर तो ५७ लेंग्थनी (एक लेंग्थ म्हणजे घोड्याची एक लांबी) पुढे होता. त्याच घोड्याची चेल्टनहॅम गोल्ड कपमधली सर्वोत्तम कामगिरी म्हणजे २०१९ चा तिसरा क्रमांक. घोडा तोच, वर्ग तोच, पण हेडॉकचा सपाट डावा ट्रॅक आणि नोव्हेंबरचा चिखल त्याला जसा जमला तसा चेल्टनहॅमचा चढउतार जमला नाही. एका ट्रॅकवरचा फॉर्म दुसऱ्यावर जसाच्या तसा नेता येत नाही, याचं याहून स्वच्छ उदाहरण सापडणं कठीण.

चेल्टनहॅमच्या मार्चमधल्या फेस्टिव्हलला चार दिवसांत दोन वेगळे ट्रॅक वापरतात, हे नवख्यांच्या लक्षात येत नाही. मंगळवार-बुधवारी ओल्ड कोर्स, गुरुवार-शुक्रवारी न्यू कोर्स. ओल्ड कोर्स जरा तीव्र वळणांचा. तिथे पुढच्या घोळक्यात जागा धरून राहणाऱ्याला फायदा होतो. न्यू कोर्स लांब, दमाची परीक्षा घेणारा. त्यावर हर्डल रेसच्या शेवटच्या सहा फर्लाँगांत, म्हणजे पाऊण मैलात, दोनच हर्डल येतात. उडी कितीही सफाईदार असली तरी त्या टप्प्यात तिचा फायदा मिळत नाही. तिथे नुसता जोर आणि दम लागतो. दोन्ही ट्रॅकवर टेकडी उतरताना शेवटून तिसरी फेन्स येते. उताराने वेग वाढलेला असतो, जॉकी घोड्यांना रेटायला लागलेले असतात आणि थकलेला घोडा नेमका तिथे पडतो. मग वळण, दोन उड्या आणि चढ. गोल्ड कप ३ मैल अडीच फर्लाँगांचा, २२ फेन्सचा. त्यात शेवटची फेन्स आधी ओलांडणारा तिथेच जिंकला असं कोणी मानत नाही.

केम्प्टन याच्या अगदी उलट: उजवीकडे वळणारा, सपाट, झटपट. २६ डिसेंबरची किंग जॉर्ज चेस तिथे ३ मैलांवर, १८ फेन्सवर होते आणि वेगात उडी मारणाऱ्याला बक्षीस देते. सँडाउनला मागच्या सरळ भागात सात फेन्स आहेत आणि त्यातल्या शेवटच्या तीन, ज्यांना रेल्वे फेन्स म्हणतात, एकामागोमाग इतक्या लगेच येतात की पहिलीला ढांग चुकली तर पुढच्या दोन्ही बिघडतात. त्या भागाचा रीप्ले बघितल्याशिवाय सँडाउनच्या चेसचं मत देऊ नये.

दिशेकडेही लक्ष हवं. काही घोडे उडी मारताना उजवीकडे सरकतात. उजव्या ट्रॅकवर ते आत, रेलिंगकडे जातात, म्हणून दिसत नाही. डाव्या ट्रॅकवर प्रत्येक उडीला बाहेर जातात. दर फेन्सला अर्धी लेंग्थ गेली असं धरलं तरी १८ फेन्सना नऊ लेंग्थ होतात, आणि घोडा हरला तीनने. अशा घोड्याचा पराभव डाव्या ट्रॅकवरचा असेल आणि आजची शर्यत उजव्यावर असेल, तर तुमच्या हाती असं काही लागलं जे निकालाच्या आकड्यात नाही. अर्थात वर्ग मोठा असला की हाही हिशेब मोडतो. डेझर्ट ऑर्किडला उजवे ट्रॅक आवडायचे, चार किंग जॉर्ज त्याने केम्प्टनला जिंकल्या, आणि तरी १९८९ चा गोल्ड कप त्याने डाव्या चेल्टनहॅमवर, भयंकर चिखलात जिंकला.

उडी, आणि फॉर्ममधली अक्षरं

हर्डल किमान साडेतीन फुटांचं, हलकं. पाय लागला तर झुकतं. फेन्स किमान साडेचार फुटांची, घट्ट बांधलेली. ती झुकत नाही. चांगला हर्डलर वेग न तोडता हर्डलला खूर घासून जायला शिकतो, आणि हीच सवय पहिल्या नॉव्हिस (नवशिक्यांच्या) चेसला त्याला जमिनीवर आणते. म्हणून हर्डलवरचं रेटिंग (दर्जाचा अधिकृत आकडा) मोठं असलेला घोडा पहिल्यांदा फेन्सवर येतो तेव्हा त्याचा भाव जोखमीच्या मानाने जवळपास नेहमी कमी असतो.

फॉर्मच्या ओळीत एफ म्हणजे घोडा पडला, यू म्हणजे स्वार सुटला, बी म्हणजे दुसऱ्याने पाडलं, पी म्हणजे जॉकीने थांबवला, आर म्हणजे उडी नाकारली. आडवी रेघ म्हणजे हंगाम बदलला, तिरपी रेघ म्हणजे मधे अख्खा हंगाम गेला. ‘बी’ घोड्याच्या खात्यावर मांडू नका, तो बिचारा निर्दोष असतो. ‘आर’ दिसला की मी पुढे वाचत नाही. ‘पी’ सगळ्यात फसवा. वीस लेंग्थ मागे पडलेल्या घोड्याला समजूतदार जॉकी उगाच दमवत नाही, थांबवतो. तसा एक ‘पी’ आणि रक्त आलं म्हणून किंवा श्वास अडला म्हणून झालेला ‘पी’ यांत फरक आहे. स्ट्युअर्ड्सच्या (शर्यतीच्या पंचांच्या) अहवालात कारण बहुधा मिळतं.

‘एफ’ कुठे पडला ते बघायचं. दुसऱ्या-तिसऱ्या फेन्सला ताज्या दमात पडलेला घोडा उडीचा अंदाजच चुकतो, हा दोष पुन्हा दिसतो. शेवटून दुसऱ्या फेन्सला थकून पडलेला घोडा पल्ला कमी झाला किंवा जमीन सुधारली तर ठीक होऊ शकतो. आणि शेवटच्या फेन्सला खूप पुढे असताना पडलेला घोडा हा तिसराच प्रकार. गॅलोपॅ दे शाँ २०२२ च्या फेस्टिव्हलला नॉव्हिस चेसमध्ये जिंकलेली शर्यत शेवटच्या फेन्सला हरला, आणि मग २०२३ व २०२४ चे गोल्ड कप त्याने घेतले. बाजार अशा पडण्याला घाबरतो. तुम्ही घाबरू नका.

चाल आणि वजन

कार्डावर पुढे पळणारे घोडे मोजा. एकच असेल आणि घोडे सात-आठच असतील, तर त्याला मोकळं रान मिळतं: आपल्या चालीने, आपल्या ढांगेने उड्या. असा घोडा रेटिंगपेक्षा पाच-सात पौंड सरस पळाल्यासारखा दिसतो. तिघे-चौघे पुढे पळणारे असतील तर ते एकमेकांना खातात आणि शर्यत मागून येणाऱ्याच्या ताटात पडते. जंप रेसमध्ये हा हिशेब सपाट शर्यतीपेक्षा जास्त चालतो, कारण घोळक्यातल्या घोड्याला फेन्स उशिरा दिसते.

वजनाचा ढोबळ नियम: तीन मैलांच्या आसपास एक पौंड म्हणजे एक लेंग्थ. अ ने ब ला समान वजनावर चार लेंग्थनी हरवलं, आज अ सात पौंड जास्त घेतोय, तर कागदावर ब तीन लेंग्थनी पुढे. पण अ च्या जॉकीने मागच्या वेळी शेवटच्या शंभर यार्डांत हात थांबवला होता का? तसं असेल तर ते चार लेंग्थ प्रत्यक्षात आठ असतात आणि गणित उलटतं. लिहिलेल्या अंतरावर न थांबता शेवटचा फर्लाँग बघणं म्हणूनच सक्तीचं. शिकाऊ कंडिशनल जॉकीला सात, पाच किंवा तीन पौंडांची सूट मिळते, विजय वाढतील तशी ती कमी होत जाते. वीस विजयांच्या आतला सात पौंडवाला मुलगा कधी कधी मोठ्या जॉकींच्या तोडीचा असतो, तेव्हा ते फुकटचे सात पौंड आहेत. कधी मात्र तो शेवटच्या तीन फेन्सना घोड्याला सावरू शकत नाही, तेव्हा ते सात पौंड महाग पडतात. सगळ्यात वरच्या ग्रेडच्या शर्यतींत ही सूट चालत नाही.

‘हँडिकॅपच्या बाहेर’ हा शब्दही ओळखून ठेवा. घोड्याचं खरं वजन ठरलेल्या किमान वजनाहून सहा पौंड कमी येतं, तरी त्याला किमान वजन घ्यावंच लागतं. म्हणजे सहा पौंडांचा तोटा त्याने शर्यत सुरू व्हायच्या आधीच पत्करला. उलट प्रकार नॅशनलमध्ये दिसतो. तिथली वजनं फेब्रुवारीत जाहीर होतात आणि शर्यत एप्रिलमध्ये. मधल्या काळात, मार्चच्या चेल्टनहॅमला, घोडा जिंकला आणि त्याचं रेटिंग वर गेलं तरी नॅशनलचं वजन तेच राहतं. कोरॅक रॅम्ब्लरने २०२३ ला मार्चमध्ये चेल्टनहॅमची अल्टिमा जिंकली आणि एप्रिलमध्ये फेवरिट म्हणून नॅशनल जिंकली. पुढच्याच वर्षी पहिल्या फेन्सला त्याचा स्वार खाली होता. नॅशनल हे असं आहे.

ट्रेंडच्या याद्यांबद्दल

‘गेल्या वीस विजेत्यांपैकी अमुक इतके नऊ वर्षांचे होते’ अशा याद्या मार्च-एप्रिलमध्ये पावसाळी छत्र्यांसारख्या उगवतात. त्यांच्यात मला फारसा अर्थ दिसत नाही. १९४० नंतर सात वर्षांचा घोडा नॅशनल जिंकला नव्हता, म्हणून लोकांनी २०२२ ला नोबल येट्सवर फुली मारली. तो जिंकला. शिवाय शर्यतच बदललेली आहे. २०१३ पासून फेन्सचा गाभा लाकडी राहिला नाही, तिथे लवचीक प्लॅस्टिक आलं. २०२४ पासून घोडे ४० ऐवजी जास्तीत जास्त ३४, पहिली फेन्स सुरुवातीच्या रेषेजवळ आणली, किमान रेटिंग १३० केलं. आताची नॅशनल जास्त वर्गाची आणि कमी पडझडीची आहे. १९९० च्या दशकातल्या विजेत्यांचं वय मोजून आजचा घोडा निवडायचं काही कारण नाही.

मोठ्या तबेल्यांबद्दलही एक गैरसमज आहे. विली मलिन्स या ट्रेनरचे चार-पाच घोडे एका शर्यतीत असले की लोक त्याचा जॉकी पॉल टाउनेंड कोणावर बसतो ते बघून पैसे लावतात. त्याची निवड माहितीपूर्ण असते, पण ती भावात आधीच आलेली असते. २०२५ च्या नॅशनलमध्ये टाउनेंड आय ॲम मॅक्सिमसवर होता, तो दुसरा आला. जिंकला त्याच तबेल्याचा निक रॉकेट, हौशी स्वार पॅट्रिक मलिन्ससह, ३३/१ ला, म्हणजे एका रुपयाला तेहतीस. तबेल्याचं खरं बघायचं ते गेल्या पंधरा दिवसांतलं आरोग्य: घोडे पल्ला पुरा करतायत का, की एकामागून एक ‘पी’ दिसतोय. त्याखेरीज कार्डावरच्या दोन छोट्या नोंदी. श्वासनलिकेची शस्त्रक्रिया झाल्यावरची पहिली धाव ब्रिटनमध्ये जानेवारी २०१८ पासून जाहीर करावी लागते. आधी शर्यतीच्या मध्यापर्यंत मस्त चालून मग एकदम विझणाऱ्या घोड्यापुढे ही नोंद दिसली तर दखल घ्या. पहिल्यांदा लावलेले चीकपीस (डोळ्यांच्या बाजूचे लोकरीचे पट्टे) आळशी घोड्याला जागं करतात. आधीच उतावीळ असलेल्याला ते आणखी बिघडवतात.

भाव

इथवर आलात की उरलेल्या घोड्यांना टक्के द्या, सगळ्या शर्यतीची बेरीज शंभर झाली पाहिजे. पडण्याची शक्यता त्यातच धरा. मग भावाचे टक्के काढा: ४/१ म्हणजे २०, ५/१ म्हणजे १६.७, ६/१ म्हणजे १४.३, ९/४ म्हणजे ३०.८. घोड्याला तुम्ही २० टक्के दिले आणि बाजार ६/१ देतोय, तर घ्या. ५/२ देतोय, तर घोडा जिंकला तरी तो सौदा चुकीचाच होता. बुकीच्या सगळ्या भावांची बेरीज कायम शंभरच्या वर असते, तो त्याचा नफा. मोठ्या हँडिकॅपमध्ये हा फरक बराच फुगतो.

ऑड्स-ऑन, म्हणजे लावल्याहून कमी नफा देणाऱ्या, घोड्यांबाबत मी कंजूष आहे. ॲनी पॉवर २०१५ च्या मेअर्स हर्डलला शेवटच्या हर्डलवर, पुढे असताना पडली. २०२५ च्या चॅम्पियन हर्डलमध्ये कॉन्स्टिट्यूशन हिल पडला, मग शेवटच्या हर्डलला पुढे असलेला स्टेट मॅनही पडला, आणि २५/१ ची गोल्डन एस जिंकली. हर्डल म्हणजे सोपी उडी, आणि तिथे हे होतं. दोन रुपये लावून एक कमवायचा असेल तर सपाट शर्यती पुरेशा आहेत.

ईच-वे लावताना नियम पाठ हवेत. अर्धे पैसे जिंकण्यावर, अर्धे प्लेसवर, म्हणजे पहिल्या काही क्रमांकांत येण्यावर. पाच ते सात घोडे असतील तर पहिल्या दोघांना पाव भाव, आठ किंवा जास्त असतील तर पहिल्या तिघांना एक पंचमांश. हँडिकॅपमध्ये बारा ते पंधरा घोड्यांना पहिल्या तिघांना पाव, सोळा किंवा जास्त असले तर चौघांना पाव. बरोबर आठ घोड्यांची शर्यत ईच-वेवाल्याला सगळ्यात सोयीची. पण तीच सगळ्यात नाजूकही आहे: सकाळी जमीन बदलली म्हणून एक घोडा निघाला की सातच उरतात आणि तिसरं प्लेस जातं. सोळाचे पंधरा झाले की चौथं जातं. म्हणून पाऊस किंवा वारा असेल त्या दिवशी माघार घेतलेल्यांची यादी बघितल्याशिवाय ईच-वे लावू नका, आणि काठावरच्या शर्यतीत तुमचा घोडा तिसरा-चौथा यायच्या लायकीचा असेल तर तो नुसता विनवर घ्यावा किंवा सोडून द्यावा.